अर्धा फेरा

कासाराच्या दुकानात पिवळी नेलपॉलिश नव्हती. "लाल घ्या, गुलाबी घ्या," बाई म्हणाल्या. "पिवळी कोण लावतंय, भाऊ?" मी म्हटलं, आत कुठं असली तर बघा की.

*

कप अर्धाच भरायचा. पूर्ण भरलेला चहा आप्पा घेत नसत.

*

लहान टर्बोचं चक्र मुठीत मावतं. मोठ्याला ओंजळ लागते.

*

तळकोंडीच्या घाटात सातव्या वळणावर चुना लावलेले अकरा दगड होते. आता दहा आहेत, आणि एका जागी सिमेंट आहे.

*

"हाक मारली की आधी चष्मा शोधतो," इरफान त्याच्या सासऱ्याबद्दल म्हणाला होता. बोलणं गाडीचं चाललं होतं.

*

रिंग पाना काढला की ठिपका.

९०० आरपीएम

गाडी जागेवर उभी, कुणाचा पाय कशावर नाही, तेव्हा इंजिन मिनिटाला नऊशे फेरे मारतं. आमचे दिवस तसेच चालले होते.

बाळगोंडा मगदूम, म्हणजे आप्पा, यांचं कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज होतं. मी संपत चौगले, त्यांच्याकडे अकरा वर्षं फिटर. आम्ही दोघंच. आप्पा तेव्हा बासष्ट वर्षांचे होते आणि इंजिनाला कान लावून सांगायचे की तिसऱ्या सिलिंडरचं पोट बिघडलंय. ते खरं निघायचं.

गॅरेजचा एक नियम होता. ज्यानं नट आवळला, त्यानं त्यावर आपला ठिपका लावायचा. आप्पांचा पिवळा. ऑइलपेंटची एक बुटकी डबी आणि काडेपेटीची काडी. माझा पांढरा. मी नेलपॉलिश वापरायचो, कारण ती लवकर वाळते. ठिपका लागला की त्या नटाला दुसऱ्यानं पाना लावायचा नाही. माझ्या आधीच्या फिटरनं हे एकदा विचारलं होतं म्हणे, की दोघांनी बघितलं तर बिघडलं काय? आप्पा म्हणाले होते, "दोघं बघायला लागली की एकबी नीट बघत न्हाई."

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी अंगठा, मग मनगट. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आप्पांनी गोळ्या घेतल्या आणि त्या विषयावर पुढं एक अक्षर बोलले नाहीत. चहा अर्धा कप घ्यायला लागले, एवढंच.

एका दुपारी काकी, म्हणजे आप्पांच्या पत्नी, डबा घेऊन आल्या. आप्पा जेवून झोपले. मागच्या बाजूला गाडीची एक जुनी सीट टाकलेली होती, तिच्यावर ते रोज अडीच ते सव्वातीन झोपायचे. काकींनी मला बाहेर नळापाशी बोलावलं.

"संपत, हात बघितलास न्हवं त्यांचा?"

"बघितला."

"बेंगळुरूवरनं पोराचा रोज फोन येतोय. गॅरेज बंद करा, इकडं या म्हणतोय. ह्यांनी काम सोडलं तर काय व्हईल ते मला म्हाईत हाय." त्या डबा धूत बोलत होत्या. "त्यांच्या हातातनं काम काढू नकोस. नुसतं मागनं बघ."

"नियम हाय काकी. त्यांच्या नटाला मी हात लावायचा न्हाई."

"नियम मला सांगतोस? मी तेहतीस वर्षं त्या माणसाचा डबा बांधतीया."

दुसऱ्या दिवसापासून आप्पा झोपले की मी त्यांचे नट तपासायला लागलो. रिंग पाना बसवायचा, जोर देऊन बघायचा, काढायचा. पाना लागला की त्यांचा ठिपका खरवडला जायचा. ऑइलपेंट वाळायला दिवस जातो. म्हणून पिवळी नेलपॉलिश आणली. तीन दुकानं फिरून मिळाली. आप्पा उठायच्या आत सगळे ठिपके जागच्या जागी.

हे चौदा महिने चाललं.

१८०० आरपीएम

ती गाडी आप्पांनी स्वतःसाठी घेतली होती. जुनी, पांढरी, मागच्या चाकांवर चालणारी, दोन दरवाजे. तळकोंडीच्या घाटात दर वर्षी चढाची शर्यत व्हायची. चार किलोमीटर, अकरा वळणं, एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं.

"ही गाडी नीट वर गेली, तर मी अजून काम करीन," आप्पा मला म्हणाले. "न्हाई गेली, तर पाने तुझे. पोरालाबी तसंच सांगितलंय."

"आणि काकींना?"

"तिला कशाला सांगायचं? तिला आधीच ठाऊक असतंय."

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुरावर फिरणारा पंखा. तो फिरला की दुसऱ्या बाजूनं इंजिनात जास्त हवा कोंबतो, आणि गाडीला जोर येतो. अडचण एकच. मोठा टर्बो भरपूर जोर देतो, पण त्याला फिरायला भरपूर धूर लागतो. तोवर ड्रायव्हर पाय दाबून वाट बघत बसतो. लहान टर्बो पटकन जागा होतो, पण पुढं त्याचा दम संपतो. आप्पांनी दोन्ही बसवले, एकापुढं एक. भंगारातून आणलेला, एका लहान डिझेल गाडीचा लहान टर्बो, आणि टेंपोचा मोठा. खाली लहान चालणार. इंजिन चौतीसशेवर पोचलं की मधली झडप उघडणार आणि काम मोठ्याकडं जाणार.

ती झडप एका सळईनं उघडायची. सळईच्या मधोमध एक बाही, तिच्या दोन्ही टोकांना उलटसुलट आटे. बाही फिरवली की सळई लांब किंवा आखूड व्हायची, आणि त्यावरनं ठरायचं की झडप कधी उघडणार. बाही जागची हलू नये म्हणून दोन्हीकडं एकेक लॉकनट. दोन्हींवर पिवळा ठिपका.

हे काम आप्पांनी सात दिवस केलं. मी शेजारी उभा राहून बघत होतो. हात हवेत असला की थरथरायचा. पाना नटावर बसला की थरथर थांबायची. मला ते दिसत होतं. त्याचा विचार मी केला नाही.

गाडी चालवणार होता इरफान मुजावर. तो अंड्यांची पिकअप घेऊन रोज तळकोंडीच्या घाटातनं कोकणात उतरायचा. शर्यतीतली नावाजलेली पोरं सोडून हाच का, असं मी आप्पांना विचारलं होतं.

"चारशे ट्रे अंडी घेऊन उतरतो आणि खाली मोजली तर आठ फुटलेली," आप्पा म्हणाले. "त्याला वळणं कोण शिकवणार?"

३४०० आरपीएम

शर्यतीच्या आधीच्या रविवारी कारखाने बंद होते. एमआयडीसीतल्या सरळ रस्त्यावर आम्ही गाडी काढली. इरफान चालवायला, मी शेजारी, आप्पा रस्त्याकडेला खुर्ची टाकून.

लहान टर्बोची शीळ ऐकू आली. गाडी लगेच निघाली. दोन हजार, अडीच, तीन. चौतीसशेवर झडप उघडली आणि गाडी क्षणभर मेली. छातीत काहीतरी खाली गेल्यासारखं झालं. मग मोठा जागा झाला आणि डोकं मागं सीटवर आपटलं.

इरफाननं गाडी आप्पांच्या खुर्चीजवळ थांबवली.

"काय रं?" आप्पा म्हणाले.

"आप्पा, धाकटा पळतोय झकास. थोरला मात्र आमच्या सासऱ्यासारखा हाय. हाक मारली की आधी चष्मा शोधतो."

"सासऱ्याला सांगू काय?"

"सांगा. ऐकायला जातंय कुठं त्येला?"

तिघंही हसलो. मग मी बोललो. "झडप जरा आधी उघडली पाहिजे. बत्तीसशेला. लहान दमायच्या आत मोठा फिरायला लागंल. बाहीला अर्धा फेरा दिला की झालं."

आप्पांनी मान हलवली. "सपाटीवर खड्डा पडणारच. चढावर इंजिनावर ओझं असतंय. धूर जास्त निघतोय. थोरला आपसूक लवकर उठंल. अर्धा फेरा दिलास तर तिथं लहानाचं काम अर्ध्यात तुटंल."

"पण आकडा बघा ना, आप्पा. मी कागदावर काढलंय."

"कागद घाटात घेऊन जाणार हाईस?"

इरफाननं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मला राग आला. आज तो राग नीट आठवतसुद्धा नाही, पण आला होता. अकरा वर्षं झाली होती. माझं एकही म्हणणं त्या गाडीत नव्हतं. त्या साठी उलटलेल्या माणसाच्या मागनं मी रोज दुपारी त्याचं काम तपासत होतो, आणि तो मला सांगत होता की कागद घाटात नेऊ नकोस.

"घाट बघू," आप्पा म्हणाले. "मग ठरवू. तवर हात लावायचा न्हाई."

शनिवार, दुपारी अडीच

सकाळी आप्पांनी बॉनेट उघडून सगळे ठिपके बोटानं मोजले होते. मोजताना एका जागी थांबले.

"हल्ली माझा रंग लई चमकतोय, संपा."

"नवीन डबी असंल."

"डबी जुनीच हाय," ते म्हणाले आणि पुढचा ठिपका मोजला.

दुपारी काकी डबा देऊन गेल्या. भाकरी, मेथी, ताकाची बाटली. आप्पा जेवले, सीटवर आडवे झाले. मी दहा मिनिटं थांबलो.

मग बॉनेटखाली वाकलो. सळईच्या बाहीवरचा खालचा लॉकनट. रिंग पाना बसवला आणि या वेळी तपासायचा जोर न देता उलटा फिरवला. नट कुरकुरत सुटला. वरचाही सोडला. बाहीला अर्धा फेरा दिला. अर्धाच. वरचा नट पुन्हा आवळला. रिंग पाना काढला. पिवळ्या बाटलीचं झाकण उघडलं. वरच्या नटावर ठिपका लावला. खालच्या नटावर ठिपका लावला.

तेवढ्यात आप्पा खोकले.

"संपा, चहा टाक," आतून आवाज आला. अजून पावणेतीनच वाजले होते.

बाटली खिशात घातली, पाना बाकावर ठेवला आणि स्टोव्ह पेटवायला गेलो. कप अर्धा भरला. आप्पा बॉनेटपाशी आले, आत नजर टाकली. दोन्ही ठिपके होते.

"उद्या पाचला निघू," ते म्हणाले.

सातवं वळण

रविवारी सकाळी घाटात धुकं नव्हतं. प्रत्येक गाडीला दोन फेऱ्या होत्या आणि त्यातली चांगली धरणार होते.

आप्पांनी सातवं वळण निवडलं होतं. तिथं रस्ता इंग्रजी यूसारखा उलटा फिरतो आणि लगेच चढ लागतो. वळणातून बाहेर पडता पडता इंजिन बरोबर चौतीसशेला येणार, असं त्यांनी काढलं होतं. म्हणजे खांदेपालट आमच्या डोळ्यांसमोर होणार होती, लहानाकडून मोठ्याकडं. दोरीच्या मागं, वरच्या अंगाला, आम्ही उभे राहिलो. आप्पांचे दोन्ही हात स्वेटरच्या खिशात.

पहिल्या फेरीत खालून शीळ आली. इरफान वळणात शिरला. आप्पांनी डोळे मिटले. शीळ वर चढली, चढली, आणि तिच्यातच जाडा घोंघाव मिसळला. मधे काहीच तुटलं नाही. गाडी आमच्या समोरून वर निघून गेली.

"खड्डा न्हाई," आप्पा डोळे न उघडता म्हणाले.

"न्हाई," मी म्हटलं. मला हसू येत होतं. अर्धा फेरा माझा होता.

वर पोचल्यावर इरफाननं कुणाच्या तरी फोनवरून आयोजकांच्या माणसाला फोन केला, आणि त्या माणसानं फोन आप्पांच्या कानाला लावला. मला पलीकडचा आवाज ऐकू आला. "आप्पा! सासरा चष्मा घालूनच बसलाय बघा!"

आप्पांनी एक हात खिशातून काढला. फोन त्यांनी स्वतःच धरला. हात थरथरत होता आणि ते त्यांनी लपवलं नाही. "दुसऱ्या फेरीला सहाव्यात जरा सोड," ते म्हणाले. "सातव्यात मग मोकळा दाब. गाडी ऐकंल."

फोन परत देताना ते माझ्याकडं वळले. "बेंगळुरूला आज रातच्याला फोन लावू. काय?"

मी मान डोलावली.

दुसरी फेरी अकरा वाजून दहा मिनिटांनी.

शीळ आली. इरफान सहाव्यात सुटला, सातव्यात शिरला. वळणाच्या मध्यावर मोकळा दाबला. शीळ वर चढली. चढतच राहिली. घोंघाव मिसळला नाही. शीळ किंचाळायला लागली, आणि गाडी मात्र जागीच अडकल्यासारखी. आप्पांनी डोळे उघडले.

"दाबू नगो," ते पुटपुटले.

इरफाननं आणखी दाबलं. कुणीही दाबलं असतं. पाय दाबल्यावर गाडीनं ऐकलं नाही की माणूस जास्त दाबतो.

मग एक लहानसा आवाज आला, ताटलीवर चमचा पडल्यासारखा, आणि सगळा जोर एकदम आला. मागची चाकं बाहेर फेकली गेली. गाडी आडवी झाली, रस्ता ओलांडून चुन्याच्या दगडांवर गेली. एक दगड सुटून खाली दरीत गेला. तो बराच वेळ गडगडत होता.

मी दोरीखालून पळालो. इरफान आत बसलेला होता, शुद्धीवर, डावा हात मनगटापासून विचित्र वळलेला. तो हाताकडं बघत होता.

"संपतराव," तो म्हणाला, "अंडी असती तर आज सगळी फुटली असती."

मग त्याचा चेहरा पांढरा झाला.

त्याला ॲम्ब्युलन्समधून नेलं. मी बरोबर जायला निघालो, पण आप्पांनी मला थांबवलं. ते गाडीपाशी गेले होते. बॉनेट अर्धं उघडं पडलं होतं. त्यांनी ते वर उचललं आणि दोघं वाकलो.

सळई लोंबत होती. बाही खालच्या आट्यांवरून पूर्ण सुटलेली. झडप उघडी; बाही फिरत गेली तोवर ती अडून राहिली होती, आणि सळई सुटताच सताड उघडली होती. खालचा लॉकनट आट्यांवर सैल उतरून थांबलेला, त्यावर पिवळा ठिपका, न खरवडलेला, चमकणारा.

आप्पांनी ठिपक्यावर नख घासलं.

ऑइलपेंट खरवडला की भुकटी निघते. नेलपॉलिशचा पापुद्रा निघतो. त्यांच्या नखावर पिवळा पापुद्रा आला. त्यांनी तो उन्हात धरून बघितला. त्यांचा हात थरथरत नव्हता, किंवा मी तिकडं बघितलं नाही.

"संपा," ते म्हणाले, "हा तू खोललावतास?"

पाय दाबल्यापासून गाडीनं ऐकेपर्यंतचा वेळ आम्ही सेकंदाच्या तुकड्यांत मोजायचो. लहान टर्बो अर्ध्या सेकंदात ऐकतो. मोठा दीड सेकंद घेतो. मी तीन घेतले असतील.

"न्हाई, आप्पा."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. इंजिन ऐकताना बघायचे तसं.

"मग माझाच हाय," ते म्हणाले. पापुद्रा त्यांनी स्वेटरला पुसला.

आयोजकांचा माणूस कागद घेऊन आला. अपघाताचं कारण लिहायचं होतं. आप्पा सांगत गेले, तो लिहीत गेला. सळईचा लॉकनट सैल. आवळणाऱ्याचं नाव, बाळगोंडा शिवगोंडा मगदूम. सही करायला त्यांनी पेन घेतलं. सहीला बराच वेळ लागला. त्या माणसानं सहीकडं बघितलं, हाताकडं बघितलं, आणि नजर दुसरीकडं नेली. मी ते बघितलं. आप्पांनीही.

इंजिन बंद

इरफानच्या मनगटात दोन पट्ट्या आणि सात स्क्रू बसले. पिकअप त्यानं मेव्हण्याला दिली. घाटात जड गाडी डाव्या हातानं धरवत नाही. आता त्याचं अंड्यांचं दुकान आहे. अधूनमधून गॅरेजवर येतो, बोटं मिटून दाखवतो. दोन मिटत नाहीत. "स्क्रूवर पण ठिपके लावलेत काय रं डॉक्टरनं?" असं विचारतो आणि स्वतःच हसतो. मी पण हसतो.

आप्पांनी त्या दिवसानंतर पाना उचलला नाही. बेंगळुरूलाही गेले नाहीत. पोराला म्हणाले, हितंच बरं हाय. रोज सकाळी नऊला यायचे, दारापाशी खुर्ची टाकून बसायचे, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. गिऱ्हाइकानं काही विचारलं की माझ्याकडं बोट न करता मान करायचे. मी काही विचारलं तर म्हणायचे, "तुझं तू बघ." चिडून नाही. खरंच माझं होतं म्हणून.

मी सांगणार होतो. पहिल्या आठवड्यात. मग इरफान दवाखान्यातून आल्यावर. मग दिवाळीनंतर. एकदा चहा देताना तोंड उघडलं होतं. कप पूर्ण भरला गेला होता, चुकून. आप्पांनी तो घेतला. अर्धा खाली सांडला. "आता काय फरक पडतोय?" ते म्हणाले. मी फडकं आणायला गेलो आणि परत आल्यावर बोललो नाही.

सहा वर्षांनी ते गेले.

मी आता त्यांच्या वयाकडं चाललोय. पोरं येतात, फोनवर व्हिडिओ दाखवतात, काका, आम्हाला पण दोन बसवून द्या, एक लहान, एक मोठा. मी म्हणतो, एकच बसवा आणि थोडं थांबायला शिका. त्यांना वाटतं, म्हातारा झालोय. गॅरेजमध्ये आता ठिपके नाहीत. आवाज करणारा पाना आहे, ठरल्या जोराला टक करतो. टक ऐकली तरी मी एकदा परत फिरवून बघतो.

त्या शनिवारी बाकावर ठेवलेला पाना मी नंतर उचलला होता. पुसून जागेवर टांगला होता. खालच्या नटाला तो परत लावला नव्हता. वरचा आवळलेला, खालचा फक्त बोटानं फिरवलेला, आणि दोन्हींवर ठिपका. मी तो नट विसरलो, असं स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. विसरायला आधी आठवणीत असावं लागतं. माझ्या हाताला एकच ओळ पाठ होती. रिंग पाना काढला की ठिपका. त्याच्या आधी आवळायचं असतं, हे आप्पांच्या नटांवर हाताला कधी करावंच लागलं नव्हतं.

बाराव्याला काकींनी मला आत बोलावलं. आप्पांच्या पान्यांची पेटी माझ्यापुढं ठेवली. वरती ती बुटकी डबी होती. रंग वाळून दगड झालेला, त्यात काडी तशीच उभी.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "तू मागनं बघत होतास म्हणून तेवढं तरी निभावलं. न्हाईतर ह्यांचा हात काय आवळण्याजोगा ऱ्हायलावता?"

मी पेटी उचलली. जड होती.

त्या चौदा महिन्यांत आप्पांचा एकही नट मला सैल सापडला नव्हता.